वसईच्या किल्ल्यांतील पडकीं देवळें व ‘अनाथ’ मुलांची पाठशाळा : एक चिकित्सा

वसईच्या किल्ल्यांतील फिरंगी देवळांच्या अवशेषांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व अजूनहि लिहिलें जात आहे. या लेखनांत तीन विधानें एका लेखणींतून दुसऱ्या लेखणींत परीक्षेवांचून उतरत आलेलीं दिसतात. पहिलें, देवळाला लागून जी चौकाची पडकी इमारत दिसते ती धर्मार्थ पाठशाळाच होय. दुसरें, त्या पाठशाळेंत अनाथ मुलांचें पालन व शिक्षण होत असे. तिसरें, हें सर्व वैभव इ. स. १७३९ मध्यें मराठ्यांच्या हातून एकदम मातीस मिळालें. या तीन विधानांची चिकित्सा करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हीं विधानें सर्वस्वीं खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या पुराव्यावर तीं उभीं केलीं जातात तो पुरावा त्यांचा भार सोसणारा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

गोदातीरावरील गेवराईच्या माणसानें समुद्रकांठच्या किल्ल्याविषयीं लिहावें याचें कोणास नवल वाटेल. आमच्याच तालुक्यांत राक्षसभुवन आहे. तेथें ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या रणभूमीवर नदी आहे, वाळू आहे, शनीचें देऊळ आहे; परंतु लढाईची साक्ष देणारी भिंत म्हणून दाखवावी अशी एकहि नाहीं. तेथील इतिहास सर्वस्वीं पत्रांवर उभा आहे, म्हणून तेथें पत्र बारकाईनें वाचावें लागतें. वसईची गोष्ट उलट आहे. तेथें भिंती इतक्या भव्य आहेत कीं, पाहणारा कागद विसरतो आणि भिंतीच्या तोंडीं वाटेल तें घालतो. पुरावा अल्प असला म्हणजे माणूस सावध होतो. विपुल असला म्हणजे बेसावध होतो.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. आंतील बालेकिल्ल्याचा पहिला कप्तान गार्सिया द सा यानें गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या आज्ञेवरून इ. स. १५३६ मध्यें तें काम केलें, असा शिलालेख आहे. सान सेबास्तियांव नांवाच्या बुरुजाचा लेख १५५४ सालचा आहे. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांचीं देवळें व मठ तटाच्या आंत उभे राहिले. फ्रान्सिस्कनांपैकीं आंतोनियो दो पोर्तो हा सोळाव्या शतकाच्या मध्यास या प्रांतांत आला, आणि जेझुइटांपैकीं मेल्कियोर गोन्सालव्हिस यानें १५४९ च्या सुमारास येथें आपल्या संघाच्या कार्यास आरंभ केला. या दोन्ही संघांनीं मुलांस शिकविण्याची व्यवस्था केली, याविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं. बोकारूनें १६३५ च्या सुमारास लिहिलेल्या वर्णनांत तटाच्या आंत पोर्तुगीजांचीं ४०० व एतद्देशीय ख्रिस्त्यांचीं २०० घरें सांगितलीं आहेत. म्हणजे पाठशाळेस मुलें कोठून मिळत, हा प्रश्न अवघड नाहीं. तीं मुलें कोणत्या अर्थानें ‘अनाथ’ होतीं, हा प्रश्न अवघड आहे. तिकडे आपण पुढें वळूं.

वसईच्या अवशेषांचा पहिला खरा वाचक म्हणजे डॉ. जर्सन द कुन्हा. चौल व वसई यांच्या इतिहासावरील व प्राचीन अवशेषांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ इ. स. १८७६ मध्यें मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यांनीं शिलालेख जागेवर जाऊन वाचले, थडग्यांच्या फरशा तपासल्या आणि पोर्तुगीज बखरकारांशीं त्यांचा मेळ घातला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८७७ त, त्यांनीं स्कंदपुराणांतर्गत सह्याद्रिखंड हस्तलिखितांवरून संपादून छापलें, हें पोथ्यांच्या संग्राहकांस विदित आहेच. या दोन ग्रंथांचा संबंध आम्हांस आकस्मिक वाटत नाहीं. पाठभेद पाहण्याची ज्यास संवय आहे तो दगडाकडेहि पोथीप्रमाणेंच पाहतो. कोणतें अक्षर मूळचें, कोणतें मागाहून घातलेलें, कोणतें पान दुसऱ्या पोथींतून येऊन मिसळलें, असें तो विचारतो. त्यांच्यामागून लिहिणाऱ्यांनीं त्यांचे निष्कर्ष घेतले आणि त्यांची पद्धति टाकली, ही आमची पहिली तक्रार आहे.

पद्धतीचा प्रश्न निघालाच आहे तर आमच्या अध्ययनांतील एक जुनें माप येथें लावून पाहतों. कोणतें अंग कोणत्या कर्माचें हें ठरवितांना मीमांसकांनीं सहा प्रमाणें सांगितलीं आहेत : श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या. यांत पुढचें मागच्यापेक्षां दुर्बल, कारण पुढच्यास अर्थापर्यंत पोंचण्याला अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. हा क्रम विधिवाक्यांकरितां आहे, पडक्या भिंतींकरितां नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि तारतम्य शिकविण्यास तो पुरेसा आहे. जागेवरचा शिलालेख ही श्रुति. इमारतीच्या अंगीं असलेलें सामर्थ्य, म्हणजे कमान, कोनाडा, तुळईचें भोंक, खिडकीची उंची, हें लिंग. समकालीन पत्रांतील स्पष्ट वचन हें वाक्य, व तें पत्र कोणत्या प्रसंगीं कोणास लिहिलें हें प्रकरण. शेजार हें स्थान. आणि लोक जागेला जें नांव देतात ती समाख्या. ही सर्वांत दुबळी.

आतां पाठशाळेकडे या मापानें पाहूं. देवळाच्या कुशीस चौक आहे व चौकाभोंवतीं खोल्या आहेत, म्हणून ती पाठशाळा, असें म्हणणारे केवळ स्थानावर भिस्त ठेवतात. परंतु देवळाच्या कुशीस चौक व खोल्या असणें हें प्रत्येक मठाचें लक्षण आहे. साधूंची निजण्याची जागा, भोजनगृह, कोठार व पाठशाळा हीं सर्व एकाच चौकाभोंवतीं असूं शकतात. शिवाय खोलींत मुलें शिकलीं कीं साधु जेवले, हें भिंत सांगत नाहीं. ‘कॉलेज’ या समाख्येनेंहि काम भागत नाहीं. त्या काळच्या जेझुइटांच्या व्यवहारांत हा शब्द केवळ शिकवण्याच्या जागेस नसे. संघाच्या उत्पन्न असलेल्या निवासासहि तोच लावीत. आजच्या अर्थानें तो वाचून आपण तेथें वर्ग, फळे व बांकें पाहूं लागतों.

प्रबळांत प्रबळ प्रमाणहि विचारानेंच वापरावें लागतें, याचें उदाहरण याच किल्ल्यांत आहे. सान जुझे यांच्या मोठ्या देवळावरील लेखांत आर्चबिशप आलेशु द मेनेझिस याच्या काळीं, १६०१ सालीं, तें बांधल्याचें म्हटलें आहे. एवढ्यावरून तें देऊळ सतराव्या शतकांतलें असें कोणी म्हणेल तर तो फसेल; कारण त्या देवळाची स्थापना १५४६ ची असून १६०१ चें काम हें त्याच्या वाढीचें व पुनर्रचनेचें आहे. म्हणजे श्रुति खरीच बोलली, परंतु ती एका कामाविषयीं बोलली, सबंध इमारतीच्या जन्माविषयीं नव्हे. शिलालेखाची अशी गोष्ट, तर मग शेजारावरून व नांवावरून काढलेल्या अनुमानाची काय कथा!

आतां दुसरें विधान. त्यांत सगळा भार एका शब्दावर आहे, तो म्हणजे ‘अनाथ’. पोर्तुगीज कागदांतील ‘ओर्फाव’ या शब्दाचें भाषांतर इंग्रजींतून मराठींत येतांना ‘अनाथ’ असें झालें व तेंच रूढ झालें. आमच्या भाषेंत अनाथ म्हणजे ज्यास नाथ नाहीं, कोणी वाली नाहीं तो. ज्या पोराची आई जिवंत आहे, आजा-आजी अंगणांत बसलीं आहेत, त्यास आमच्या गांवांत कोणी अनाथ म्हणणार नाहीं. फार तर ‘बाप गेलेलें पोर’ म्हणतील. पोर्तुगीज कायद्याच्या व्यवहारांत मात्र मुख्य गोष्ट बाप असणें-नसणें ही होती, आणि अशा मुलांकरितां स्वतंत्र न्यायाधीश नेमलेला असे.

या शब्दाचें परिणाम काय झाले हें गोव्याच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. इ. स. १५५९ च्या मार्चमध्यें पोर्तुगालच्या राजाच्या नांवानें एक हुकूम निघाला. गोवें शहर व बेटें यांतील ज्या हिंदु मुलांचे आई, बाप, आजा, आजी असे कोणीहि वडील उरले नसतील, त्यांस सान पावलूच्या विद्यालयांत जेझुइटांच्या स्वाधीन करावें, असा त्याचा आशय होता. शब्दशः पाहतां ही मर्यादा बरीच संकुचित आहे. परंतु पुढील व्यवहारांत ती रुंदावत गेली आणि आई जिवंत असतांहि केवळ बाप मेला एवढ्यावरून मुलें नेलीं जाऊं लागलीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्या राजाच्या नांवानें हा हुकूम निघाला तो सेबास्तियांव त्या वेळीं पांच वर्षांचा होता. त्याचा बाप त्याच्या जन्मापूर्वींच वारला होता. आई त्याला तान्हाच ठेवून स्पेनास गेली होती. आजी कातारिना कारभार पाहत होती. कायद्याच्या भाषेंत तो राजाहि ‘ओर्फाव’च! त्याला मात्र आजीच्या मांडीवरून उचलून कोणी नेलें नाहीं.

आमच्याकडेहि बापाविण्या पोराचा विचार राजधर्मांत केलेला आहे. अज्ञान मुलाचें दायधन तो गुरुगृहाहून परत येईपर्यंत किंवा बाल्य ओलांडीपर्यंत राजानें राखावें, असें मनु सांगतो. तेथें राजा धनाचा राखणदार आहे. मुलाचें कुळ, आचार व आई यांवर त्याचा हात चालत नाहीं. दोन्ही व्यवस्थांत राजा पोरक्याचा वाली होतो, परंतु वाली होणें म्हणजे काय याविषयीं त्यांचा अर्थ भिन्न आहे. हा भेद ‘अनाथ’ या एका गुळगुळीत शब्दाखालीं गडप होतो.

येथें प्रतिपक्षावरहि अन्याय होऊं नये. गोव्याचा १५५९ चा हुकूम गोव्यापुरता होता. तो जसाच्या तसा वसईस लावून तेथील प्रत्येक मूल आईच्या कुशींतून ओढून आणलें, असें लिहिणाऱ्यांचीहि लेखणी प्रमाणाच्या पुढें धांवते. वसईंत पोर्तुगीज शिपायांचीं बापाविणीं मुलें होतीं. फिरंगी बाप व एतद्देशीय आई यांचीं मुलें होतीं. नवख्रिस्त्यांचीं मुलें होतीं, त्यांपैकीं कित्येकांचे आईबाप हयात होते. गरीब व निराधार यांची विचारपूस करणारी मिझेरिकॉर्दिया ही संस्थाहि शहरांत होती. या सर्वांवर ‘अनाथ’ असा एकच शिक्का मारणें हें दयेच्या बाजूनें लिहिलें तरी चूक आणि द्वेषाच्या बाजूनें लिहिलें तरी चूक. म्हणून आमची सूचना अशी कीं, मूळ शब्द कोणता तें सांगून ‘पितृहीन’ असें भाषांतर करावें, आणि जेथें आईबाप दोन्ही नसल्याचें वचन असेल तेथेंच ‘अनाथ’ म्हणावें.

या पाठशाळांचा खरा पुरावा आमच्या मतें भिंतींपेक्षां विद्यार्थ्यांत शोधावा. वसईस १५५७ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालु गार्सिया हा तेथील जेझुइटांच्या हाताखालीं शिकला. त्याचा बाप पोर्तुगीज होता व आई याच प्रांतांतली होती. तो लहान वयांतच जपानास गेला, पुढें व्यापार केला, मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत सहायक बंधु झाला, आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळें तेथील वकिलातीचा दुभाष्या झाला. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्याला क्रुसावर चढवून मारलें. १८६२ मध्यें रोमच्या पोपनें त्याला संतपद दिलें. त्याच्या संतत्वाविषयीं बोलणें हें या त्रैमासिकाचें काम नव्हे. परंतु वसईच्या गल्लींतला मुलगा परकी भाषा इतकी आत्मसात करतो कीं, त्याच्या जिभेवर राजदरबारचें बोलणें चालतें, ही गोष्ट पाठशाळेच्या इतिहासाची आहे. तींत दोन भाषा घरच्या, एक शाळेची व एक परदेशची अशी चढण दिसते.

दुसरा साक्षीदार एक पुराण आहे. फ्रान्सिस्कन साधु फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायंश यानें ख्रिस्ताच्या दुःखभोगावर उत्तर कोंकणच्या मराठी बोलींत ओवीबद्ध ग्रंथ रचला; तो १६५९ मध्यें रोमन अक्षरांत छापला गेला व उत्तर कोंकणच्या ख्रिस्ती घरांत पुढें दोन शतकें वाचला गेला. येथें एक अनुमान करतों व तें अनुमान म्हणूनच मांडतों. ज्या समाजाची बोली मराठी आणि वाचण्याचीं अक्षरें रोमन, असा वाचकवर्ग आपोआप उगवत नाहीं. तो कोणीतरी शिकवून घडवावा लागतो. पाठशाळेच्या चौकांत काय शिकवीत असत, याचें उत्तर त्या पुराणाच्या पानांत अधिक आहे, चौकाच्या दगडांत कमी.

याच ठिकाणीं एका वारंवार होणाऱ्या घोटाळ्याचा उल्लेख अवश्य आहे. पोर्तुगीज कागदांत ‘साल्सेत’ हें नांव दोन प्रदेशांस लावलें आहे : एक गोव्याची सासष्टी, दुसरी ठाण्याची साष्टी. दोन्ही नांवांचें मूळ बहुधा ‘षट्षष्टि’ म्हणजे सहासष्ट गांवें, म्हणून ध्वनिसाम्यहि स्वाभाविक आहे. फादर स्टीफन्स यांचें कार्य मुख्यतः गोव्याच्या सासष्टींत झालें व त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें तेथील राचोल येथें छापलें. ठाण्याच्या साष्टींत बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथें लेण्याचें प्रार्थनामंदिर करून आंतोनियो दो पोर्तो यानें वर पाठशाळा स्थापिली, तिलाहि साल्सेतचें विद्यालय म्हणत. एकीचे शिक्षक दुसरीस व एकीचे ग्रंथ दुसरीस चिकटविलेले लेख आम्ही वाचले आहेत. नांवावरून ठरवूं नये, या नियमाचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

तुलनेकरितां मुंबईच्या किल्ल्याकडे पाहावें. तेथें इंग्रज पाद्री रिचर्ड कॉब यानें सेंट टॉमसचें देऊळ १७१८ च्या नाताळांत उघडलें व त्याच सुमारास एक धर्मार्थ शाळा काढली. बारा गरीब मुलगे व त्यांस शिकविणारा एक मास्तर, एवढाच तिचा पसारा होता. तरी तिची हकीकत बारकाव्यानिशीं उपलब्ध आहे, कारण तिला वारस मिळाले. १८१५ मध्यें स्थापन झालेल्या मुंबईच्या शिक्षणसंस्थेनें तिचा भार पुढें घेतला. वसईची पाठशाळा तिच्याहून दीड शतकाहून अधिक जुनी, परंतु तिच्या जागीं पुढें कोणी वारस बसला नाहीं. संस्थेची स्मृति इमारतीमुळें टिकत नाहीं. दप्तर सांभाळणाऱ्या उत्तराधिकाऱ्यामुळें टिकते.

आतां तिसरें विधान. मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली ती बुरुजाखालीं सुरुंग उडवून, घनघोर युद्धानंतर. हें सर्वश्रुत आहे. परंतु आज दिसणारी सर्व पडझड त्या एका महिन्याच्या खातीं लिहिणें हें कालगणनेचें अज्ञान आहे. १६१८ च्या वादळानें देवळांचीं छपरें उडालीं. १६७४ मध्यें मस्कतच्या अरबांनीं तटाबाहेरचीं देवळें लुटलीं. १६९५ मध्यें आलेल्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशानें शहराचा उत्तरेकडील तिसरा हिस्सा प्लेगनें ओस पडलेला पाहिला. मराठ्यांच्या अंमलानंतर १७८० मध्यें जनरल गॉडर्डच्या तोफा याच तटावर चालल्या. १८१८ नंतर किल्ला इंग्रजांकडे गेला आणि १८२५ मध्यें बिशप हेबरनें तो पाहिला तेव्हां तेथें वस्ती अशी उरली नव्हती. ओसाड इमारतीचें छप्पर गेलें म्हणजे पुढचें काम पाऊस व वडाचीं मुळें करतात. त्यांस कोणत्याहि सेनापतीची आज्ञा लागत नाहीं.

उलट पक्षीं, मराठ्यांनीं देवळांस हातहि लावला नाहीं, असें अभिमानानें लिहिणाऱ्यांनीं नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील १७२१ सालची व भीमाशंकर येथील १७२९ सालची घंटा पाहून यावी. त्या घंटा विजयाचीं चिन्हें म्हणून देवांस वाहिल्या गेल्या. ज्या घंटांनीं प्रार्थनेची वेळ सांगितली त्यांपैकींच एखादीनें चौकांतल्या पोरांस पाठाला बसविलें असावें. आज त्या घंटांचा नाद दुसऱ्या देवासमोर चालूं आहे, म्हणून त्या टिकल्या. हें सांगण्यांत आम्हांस लाज नाहीं व फुशारकीहि नाहीं. वस्तु कोठून कोठें गेली हें नोंदणें एवढेंच संशोधकाचें काम.

सारांश, वसईच्या किल्ल्यांत मुलांची पाठशाळा होती हें खरें. ती अमुकच चौकांत होती हें ठामपणें म्हणण्याइतकें बळ शेजार व नांव यांत नाहीं. ती केवळ अनाथांची होती हें शब्दाच्या भाषांतरांतून उपजलेलें आहे. आणि ती १७३९ च्या एका घावानें नाहींशी झाली हें अपुरें आहे.

शेवटीं संग्राहक मित्रांस दोन विनंत्या. किल्ला आज केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. तेथील अक्षर असलेला तुकडा घरीं आणणें हा अपराध तर आहेच, परंतु त्याहून वाईट म्हणजे तो तुकडा घरीं येतांच त्याची श्रुति जाऊन नुसती समाख्या उरते. ठसा घ्यावा, जागा मोजून लिहावी, दगड तेथेंच ठेवावा. दुसरी विनंती वसई-साष्टीकडील घरांविषयीं. तेथील जुन्या ख्रिस्ती घरांत पुराणाच्या हस्तलिखित प्रती, बाप्तिस्म्याचे दाखले, मोडींतील जमिनीचे कागद पेटींत पडून असतील. पाठशाळेंतल्या एखाद्या पोराचें नांव, त्याच्या आईचें नांव, आणि ती त्या वेळीं जिवंत होती कीं नाहीं, एवढ्या तीन गोष्टी एका कागदावर मिळाल्या, तर या लेखांतील अर्धा वाद मिटेल. तसा कागद कोणास आढळल्यास त्यानें तो याच पृष्ठांतून प्रसिद्ध करावा. त्यानें आमचें म्हणणें खोडलें गेलें तरी आम्ही तो प्रथम वाचूं. इत्यलम्.

गेवराई, जि. बीड